मिस जोआकिमचं फूल

जालन्यात ऑर्किड जगत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. पुण्यातलं एक पुष्पप्रदर्शन पाहून येताना हौसेनं एक कुंडी आणली. विटांचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. मे महिन्यात आमच्याकडचा कोरडा वारा सुटला आणि आठ दिवसांत पानं गळाली. त्या प्रदर्शनातलं एक दृश्य मात्र मनात राहिलं. पहिल्या नंबरच्या ऑर्किडवर कार्ड होतं आणि कार्डावर कुंडीच्या मालकाचं नाव. ते रोप मुळात घडवलं कोणी, याचा पत्ता नव्हता.

ही जुनीच रीत आहे. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल 'व्हँडा मिस जोआकिम' याची कहाणी ऐका. आधी त्यातल्या 'व्हँडा' शब्दाविषयी. तो आपला, संस्कृत 'वंदा'. दुसऱ्या झाडावर राहणारी वनस्पती, असा त्याचा अर्थ. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी हे नाव शास्त्रात नेलं, तेही आपल्या रास्नेसाठी. आंब्याच्या फांदीला मुळांनी घट्ट धरून बसलेली, पिवळट-तपकिरी फुलांची रास्ना अनेकांनी पाहिली असेल. पण ती ऑर्किड आहे हे किती जणांना ठाऊक असतं?

अ‍ॅग्नेस जोआकिम ही सिंगापूरची अर्मेनियन बाई. जन्म १८५४चा. बागकामात हात चांगला. तिनं व्हँडाच्या दोन जातींचा संकर केला: एक मलायाच्या दलदलीतली, दुसरी ईशान्य भारत आणि ब्रह्मदेशाकडची. तिथल्या बोटॅनिक गार्डनचे प्रमुख हेन्री रिडली यांनी १८९३ मध्ये या फुलाची माहिती प्रसिद्ध केली आणि संकर मिस जोआकिमनं साधला, असं स्पष्ट लिहिलं. पुढे रोप इंग्लंडला सर ट्रेव्हर लॉरेन्स यांच्याकडे गेलं. १८९७ मध्ये ते तिथे फुललं आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचं प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र मिळालं. रोप मांडलं लॉरेन्स यांनी, त्यामुळे मान त्यांचा. अ‍ॅग्नेसला सिंगापूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं ते १८९९ मध्ये. त्याच वर्षी जुलैत ती कर्करोगानं गेली.

नंतर लोक म्हणू लागले, तिनं कसला संकर केला? बांबूच्या बेटात आपोआप उगवलेलं रोप तिला सापडलं, एवढंच. भुंग्यानं केलेलं काम बाईच्या नावावर लागलं! हा वाद अनेक दशकं चालला. १९८१ मध्ये फूल राष्ट्रीय झालं, तरी बाईबद्दलची शंका मिटली नव्हती. अलीकडे सिंगापूरनं तिचं श्रेय मान्य केलं, तेव्हा तिला जाऊन शंभरावर वर्षं झाली होती.

ऑर्किडचा संकर सोपा नसतो. पराग धुळीसारखे उडत नाहीत, त्यांची गोळी असते. ती काडीनं उचलून दुसऱ्या फुलाला लावायची, मग शेंग पिकायला महिनोन्‌महिने थांबायचं. बी इतकं बारीक की त्यात कोंबाला शिदोरीच नसते. मातीतली विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजतं. साखर घातलेल्या बाटलीत ते रुजवण्याची युक्ती लुई नडसन यांनी दाखवली १९२२ मध्ये. अ‍ॅग्नेसला ती कुठून मिळणार?

जालना जिल्ह्यात हे सारं कळायला पुस्तक लागत नाही. १९६४ मध्ये इथे महिको सुरू झाली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. माझी खाला कपाशीच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायची. आज संध्याकाळी कळीचा नर भाग नखानं काढायचा, खूण करायची, उद्या सकाळी दुसऱ्या ओळीतलं फूल आणून त्यावर फिरवायचं. हजारो कळ्या. पिशवीवर वाणाचं नाव, कंपनीचं नाव. खालाचं नाव फक्त मुकादमाच्या हजेरीवहीत, तेही चुकीचं लिहिलेलं.

एकदा तिला मिस जोआकिमच्या फुलाचा फोटो दाखवला, सारी हकिकत सांगितली. फोटो डोळ्यांजवळ धरून तिनं एवढंच विचारलं, "ये बाई क्रॉसिंग कब करती थी, सुबू की शाम कू?"