उन्हातला पानाचा खर्च : एका शोधाची कहाणी



पंचगंगेच्या काठाला ऊस आणि उन्हाळी भुईमूग शेजारी शेजारी उभे असतात. ऊन तेच, हवाही तीच. तरी कडक उन्हात ऊस जोमाने वाढतो. भुईमुगाची कमाई मात्र उन्हाच्या प्रमाणात वाढत नाही. असं का, याचा उलगडा व्हायला तब्बल २०० वर्षं लागली.

इंग्लंडमध्ये १७७१ साली जोसेफ प्रिस्टले यांनी बंद भांड्यात मेणबत्ती जाळून हवा खराब केली आणि त्यात पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. वनस्पती हवा सुधारते, हे कळलं. १७७९ साली यान इंगेनहाउस या डच डॉक्टरांनी दाखवलं, की हे काम फक्त हिरवा भाग करतो, तेही उजेडात. अंधारात झाडं आपल्यासारखीच हवा खराब करतात, म्हणजे कर्बवायू सोडतात.

त्यावरून लोकांचा समज झाला, की पान दिवसा कर्बवायू घेतं आणि रात्रीच सोडतं. हा समज अपुरा आहे. श्वसन रात्रंदिवस चालू असतं. दिवसा पान सोडतं त्यापेक्षा घेतं जास्त, म्हणून ते दिसत नाही इतकंच.

पण उजेडात आणखी एक खर्च होतो. १९५५ साली अमेरिकेत जॉन डेकर यांनी पानावरचा उजेड एकदम बंद केला. तेव्हा पहिली काही मिनिटं पानातून कर्बवायूचा लोंढा बाहेर पडला. उजेडात चालू असलेलं वेगळं श्वसन उघडं पडलं. त्याला प्रकाश-श्वसन म्हणतात.

त्याचं कारण १९७१ साली सापडलं, तेही आपल्या ओळखीच्या सोयाबीनच्या पानात. बोव्स, ऑग्रेन आणि हेगमन या शास्त्रज्ञांना आढळलं, की कर्बवायू पकडणारं पानातलं विकर चुकून प्राणवायूही पकडतं. मग ती चूक निस्तरताना आधी बांधलेला कर्बवायू पानाला पुन्हा सोडावा लागतो. भात, गहू, भुईमूग आणि सोयाबीन या पिकांत साधारण चौथा हिस्सा कमाई अशी जाते. ऊन तापलं की त्याहून जास्त.

मग ऊस कसा सुटला? १९६५ साली हवाई बेटांवर कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांनी उसाच्या पानातली वेगळी रीत प्रसिद्ध केली. १९६६ पासून ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ती उलगडून दाखवली. ऊस कर्बवायू आधी एका आम्लात बांधतो, पानाच्या शिरेभोवतीच्या पेशींत नेतो आणि तिथे मोकळा करतो. तिथे कर्बवायूची एवढी दाटी होते, की प्राणवायूला शिरकाव मिळत नाही. ज्वारी आणि मका यांचीही हीच रीत.

आता यातून आपण काय घ्यायचं?

पाण्याचा ताण पडला की पानाची रंध्रं मिटतात. आतला कर्बवायू घटतो आणि प्राणवायूचं फावतं. म्हणून भुईमुगाला आऱ्या सुटताना व शेंगा भरताना, आणि सोयाबीनला फुलोऱ्यात व शेंगा भरताना ताण पडू देऊ नका. पाऊस उघडला आणि सोय असली, तर एखादं पाणी जरूर द्या.

ऊस उन्हाला भारी आहे, म्हणून त्याला पाणी कमी चालतं असं मात्र समजू नका. आणि तोडलेला उसाचा कांडाही श्वास घेतच राहतो. तो खर्च त्याच्यातल्याच साखरेतून होतो. फडात मोळ्या पडून राहिल्या, तर वजन आणि साखर दोन्ही घटतात. तेव्हा तोडलेला ऊस लवकरात लवकर कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला पोचवा.