नामक्षेत्राची कल्पना: एक ऐतिहासिक टिपण

आंबेजोगाई येथे मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते. ‘विवेकसिंधु’चा रचनाकाल परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानला जातो, परंतु त्यातील ‘अंबानगरी’ कोणती, ह्याविषयी मतभेद आहेत. कोणी ती बीड जिल्ह्यातील आंबेजोगाई मानतात, कोणी वैनगंगेकाठचे अंभोरे. उलटपक्षी, ह्याच आंबेजोगाईस निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत. तेथे नाव एक व स्थळे दोन. येथे नावे दोन व स्थळ एक. नाव कोणत्या क्षेत्रातले, हे ठरल्यावाचून त्याचा अर्थ निश्चित होत नाही.

संगणकीय ग्रंथसंपादनातही हाच प्रश्न उद्भवला. १९९८ साली प्रमाणित झालेल्या एक्सएमएलमध्ये प्रत्येकास स्वतःची खूणनामे योजण्याची मुभा होती; त्यामुळे नामसाम्य अटळ होते. संपादकांच्या टीईआय संकेतात ‘हेड’ म्हणजे प्रकरणाचे शीर्षक. एचटीएमएलमध्ये मात्र ‘हेड’ म्हणजे वेबपृष्ठाविषयीची माहिती देणारा आरंभीचा भाग. १४ जानेवारी १९९९ च्या शिफारशीने ह्यावर नामक्षेत्राचा, म्हणजे नेमस्पेसचा, उपाय योजिला: खूणनाम एका विशिष्ट पत्त्याशी जोडावे. हा पत्ता केवळ ओळखीपुरता; त्या ठिकाणी काही सापडलेच पाहिजे असे नाही. नामापूर्वीचे उपपद हा त्या पत्त्याचा संक्षेप होय. पत्ता तोच राहिल्यास उपपद बदलूनही अर्थ बदलत नाही.

त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला एक्सएसएलटी ही रूपांतरभाषा प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक नियम अभ्यासकाने विशेष ध्यानी घ्यावा. मूळ संहितेत नामक्षेत्र उपपदाविना घोषित असले, तरी रूपांतराच्या नियमातील उपपदरहित ‘हेड’ हे नाव कोणत्याच क्षेत्रातले नाही असे समजले जाते. परिणामी नियम लागू पडत नाही. दोषसूचनाही मिळत नाही; अंगभूत नियमांनुसार नुसता मजकूर उतरतो आणि शीर्षके साध्या मजकुरात मिसळून जातात. रूपांतरपत्रात तोच पत्ता एखाद्या उपपदाने घोषित करून नियमात ते उपपद लावणे, हा उपाय. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीत उपपदरहित नावांचे क्षेत्र एकदाच सांगण्याची सोय झाली.

जुन्या मराठी पोथ्यांच्या संगणकीय आवृत्त्या सिद्ध करताना ही दक्षता अनिवार्य आहे. चूक उघड दिसली तर ती दुरुस्त होते. निमूटपणे गळालेले शीर्षक मात्र पुढील अभ्यासकास ‘पोथीत नव्हतेच’ असे वाटण्याचा संभव असतो.