खोल्यांनी मोजलेले शहर

मुंबईच्या गिरणगावाविषयी वाचताना १९२१ सालच्या एका तक्त्यापाशी मी दरवेळी थांबतो. त्या वर्षीचे अर्भकमृत्यू त्यात कुटुंबाकडच्या खोल्यांनुसार मांडले आहेत. नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्यांची ८२८ मुले दगावली. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा ३२२, तीन खोल्यांत १९१ आणि चार किंवा अधिक खोल्यांत १३३ होता. साऱ्या शहराची सरासरी होती ६६७. या एका सरासरीत किमान दोन वेगळी शहरे दडली होती.

ती कशी घडली, हे पाहण्यासाठी पाव शतक मागे जावे लागते. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघड झाला. रोगाचे मूळ दाटीत आहे असे मानून सरकारने १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. समुद्राचा वारा वस्तीत यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. ट्रस्टची प्रगती दिसायची ती अशा रस्त्यांतून आणि विकसित केलेल्या भूखंडांतून. पण पाडलेल्या घरांतली माणसे कुठे गेली? गोदी, बाजार, गिरणी यांच्यापासून लांब राहणे त्यांना परवडणारे नव्हते. त्यांतली बरीच शेजारच्या चाळींत शिरली. एका गल्लीतली दाटी कमी होऊन दुसरीत वाढली. हिशेबात मात्र पहिलीच गल्ली धरली गेली.

खोल्यांच्या तक्त्याचे मोल इथे कळते. तरी तोही निर्दोष नाही. गिरणीकामगारांच्या बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर गावी जात. जन्म गावी व्हायचा आणि मूल मुंबईत दगावले तर मृत्यूची नोंद तेवढी शहरात व्हायची. त्यामुळे एका खोलीचा आकडा वास्तवापेक्षा फुगलेला असणार. ही सूट दिली, तरी १३३ आणि ८२८ यांतली दरी नुसत्या नोंदींच्या घोळाने भरून निघत नाही. शिवाय ती चूकसुद्धा काहीतरी सांगते. दोन ठिकाणी जगणाऱ्या माणसाला शहराची मोजपट्टी पुरती पकडू शकत नव्हती.

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासाची उद्दिष्टे स्वीकारली. त्यांतले अकरावे शहरांविषयी आहे. आता पाणी, हवा, घरे यांचे निर्देशांक निघतात, शहरांना क्रमांक मिळतात. असा क्रमांक वाचला की मला हा शंभर वर्षांपूर्वीचा तक्ता आठवतो. शहराला दरडोई किती पाणी मिळते, एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या वस्तीत किती तास येते आणि नळावर कोण उभे राहते, हेही त्याच कागदावर हवे. सरासरी सुधारली म्हणून शहर सुधारले असे मी म्हणणार नाही. एका खोलीतल्या घराचा आकडा आधी पाहीन.