ऊती कठीण करणारे कॅल्शियम : विदर्भातील फ्लोरोसिस

सावनेर : मानवी शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडे व दातांत असते. कॅल्शियमचे क्षार मऊ ऊतींमध्ये साठून त्या कठीण होऊ लागल्यास त्यास कॅल्सीभवन म्हणतात. क्षयाच्या जुन्या व्रणात किंवा रोहिणीच्या भित्तिकेत असे थर आढळतात. विदर्भात मात्र या विकाराचे एक रूप पिण्याच्या पाण्यातून उद्भवते. ते म्हणजे फ्लोरोसिस. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावे त्याने ग्रासलेली आहेत.

कसे घडते?
खडकांतील फ्लोराइड भूजलात विरघळते. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास फ्लोराइड हाडांत साठते. हाडे दाट, पण ठिसूळ होतात. पुढे अस्थिबंध, स्नायुबंध आणि हाताच्या दोन हाडांमधील पडदा यांवर कॅल्शियमचे थर चढतात. पाठीचा कणा ताठरतो, वाकणे अशक्य होते. मज्जारज्जूवर दाब आल्यास पाय लुळे पडतात. भारतात या अस्थिविकाराची नोंद १९३७ मध्ये तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागातून झाली.

लक्षणे
लहान वयात असे पाणी पोटात गेल्यास दातांवर पांढरे वा तपकिरी डाग उमटतात. प्रौढांत सांधेदुखी व ताठरपणा हळूहळू वाढतो. तो संधिवात समजला जाण्याची शक्यता असते. एक्स-रे, मूत्रतपासणी व पाणीतपासणी यांतून निदान होते.

प्रतिबंध
भारतीय मानकानुसार फ्लोराइडची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. फ्लोराइडला या प्रमाणात रंग वा चव नसते. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केली आहे.

ऊती कठीण होतात म्हणून आहारातील कॅल्शियम तोडणे चुकीचे ठरते. कॅल्शियमचा अभाव असल्यास फ्लोराइडचा अपाय वाढतो. एकदा कठीण झालेल्या ऊती पूर्ववत होत नाहीत. त्यामुळे सावनेर असो वा अन्य तालुका, विंधनविहिरीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांनी पाणी वेळीच तपासून घेणे हाच खात्रीचा उपाय होय.