शिक्षेचा शिक्का

आमच्या पाचाडात जिजाऊंच्या समाधीपाशी उभे राहून वर पाहिले, की रायगड आभाळाला टेकलेला दिसतो. १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने या गडावर शिवोत्सव झाला. पुढल्याच वर्षी पुण्यातील शिवोत्सवाचा वृत्तांत 'केसरी'त आला, आणि त्या लिखाणावरून राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली दुसरी शिक्षा झाली : सहा वर्षे, मंडाले!

शिक्षा भोगून संपते. शिक्का थोडाच पुसला जातो? १९१८ साली होमरूलची मागणी घेऊन टिळक, केळकर, खापर्डे, करंदीकर विलायतेस निघाले. परवाने हाती होते. पण कोलंबोस ते लंडनच्या हुकमाने रद्द झाले आणि मंडळी परतली.

आता गंमत पाहा. चिरोल साहेबाने पुस्तकात बदनामी केली म्हणून टिळकांनी लंडनच्या कोर्टात फिर्याद लावली होती. फिर्यादीलाच कोर्टात येऊ नको, असे कसे म्हणावे? राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर परवाना मिळाला. ऑक्टोबरअखेर टिळक लंडनला पोचले. पुढे ती अटही उठली.

१९१९ च्या फेब्रुवारीत ते खटला हरले. कार्सन वकिलाने जुन्या शिक्षाच ज्यूरीपुढे मांडल्या. परंतु त्याच वर्षी पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी होमरूलची बाजू मांडली.

वाचकहो, आजही व्हिसाच्या अर्जात जुन्या शिक्षेविषयी विचारतात. तेथे खोटे लिहू नये आणि नकार आला म्हणून खचूही नये. एक वाट अडली, तर कायद्याचीच दुसरी शोधावी.