डब्याच्या झाकणावरची लिपी

पुणे जिल्ह्यातील मुळशी म्हटले की धरण आठवते, आणि त्याविरुद्ध १९२१ साली सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नेतृत्वाचा सत्याग्रहही. अडवलेले पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि त्याची वीज मुंबईला गेली. याच मुलखातून मुंबईला माणसेही गेली. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील पावसाळी शेतीवर वर्षभर पोट भरेलच असे नव्हते. शहर गाठलेल्यांपैकी कित्येक जण डबेवाले झाले.

या धंद्याची सुरुवात १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी केली असे मानले जाते. घरचे जेवण दुपारी कचेरीत पोचवायचे आणि रिकामा डबा संध्याकाळपर्यंत घरी परत आणायचा, एवढेच काम. पण डबे वाढले तशी अडचण उभी राहिली. एकेक डबा एकाच माणसाने घरापासून कचेरीपर्यंत नेणे परवडत नाही. म्हणून डबा हातोहात जातो. एक जण घरोघरचे डबे स्टेशनवर आणतो. तेथे ते उतरण्याच्या ठिकाणाप्रमाणे निवडले जातात. दुसरा लोकलने नेतो, तिसरा वाटतो. डबा कुणाचा, हे यांतील बहुतेकांना ठाऊक नसते. मग तो योग्य जागी पोचतो कसा?

उत्तर झाकणावर आहे. तेथे ना ग्राहकाचे नाव असते, ना पत्ता. मध्यभागी ठळक आकडा असतो. तो डबा कोणत्या भागात उतरवायचा हे सांगतो. एका बाजूला घराकडच्या स्टेशनाची अक्षरे आणि डबा गोळा करणाऱ्याची खूण असते. दुसऱ्या बाजूला वाटणाऱ्याचा आकडा, इमारतीची एकदोन अक्षरे आणि मजला असतो. रंगावरून मूळ स्टेशन ओळखू येते. अगदी सुरुवातीला रंगीत दोरे बांधून काम भागवत, असे सांगितले जाते.

ही रचना जरा बारकाईने पाहू. पूर्ण पत्ता वाचायला वेळ लागतो आणि वाचता यावे लागते. सुरुवातीच्या डबेवाल्यांपैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, आणि लोकल तर काही सेकंदच थांबते. म्हणून खुणेत प्रत्येकाला आपापल्या टप्प्यापुरतीच माहिती मिळते. गाडीत चढवणारा मधला आकडा पाहतो, मजल्याशी त्याला कर्तव्य नाही. परतीच्या वाटेवर त्याच झाकणावरचा घराकडचा भाग कामी येतो, दुसरी चिठ्ठी लागत नाही. वापरणारा कोण, तो कोठे उभा आहे आणि त्याच्याजवळ किती वेळ आहे, यांवरून वस्तूचे रूप ठरवणे याला आज अभिकल्पाचे मुख्य तत्त्व मानतात. मेक्सिको शहरात १९६९ साली भुयारी रेल्वे सुरू झाली, तेव्हा न वाचणाऱ्यांसाठी प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र चित्र दिले गेले. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली तीही याच कारणाने.

पांढऱ्या टोपीचेही तसेच. गर्दीत ती लांबून दिसते, वाट मिळते आणि अनोळखी दारातही विश्वास मिळतो. व्यापारी कंपन्या बोधचिन्हाकडून याहून वेगळे काय मागतात?

१९९८ नंतर या कामाची कीर्ती जगभर पसरली. ‘लाखो डब्यांत एखादीच चूक’ असे आकडे छापून आले. ते पद्धतशीर मोजणीतून आलेले नव्हते, तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकाने ते जपूनच वापरावेत. पण व्यवस्था शतकाहून अधिक काळ टिकली, हे खरे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने ती थांबली. पुढे काम सुरू झाले, तरी डबे आणि माणसे पूर्वीइतकी राहिली नाहीत. ही लिपी कोणत्याही शाळेत शिकवली जात नाही. नवा माणूस ती जुन्याच्या हाताखाली शिकतो. हात कमी झाले की ती विसरली जाण्याचा धोका आहे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. मुलांच्या वह्यांवर नाव न घालता वाडी, तुकडी आणि बाक दाखवणारी खूण मुलांनाच ठरवू द्यावी. मग दुसऱ्या वर्गातील मुलांना दोनच मिनिटे समजावून त्या वह्या वाटायला सांगावे. जेथे वही चुकेल, तेथे दोष वाटणाऱ्या मुलाचा की खुणेचा, हा प्रश्न जरूर विचारावा. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो, त्यांनी तो प्रश्न फार पूर्वीच सोडवला होता.