परळची प्लेग प्रयोगशाळा आणि संसर्गरोग-संशोधनाचे आंतरविद्याशाखीय शिक्षण

संसर्गजन्य रोग व रोगप्रतिकारशक्ती यांचे संशोधन हे केवळ वैद्यकाचे क्षेत्र होय, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. महाराष्ट्रातील या संशोधनाचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. सरकारने पाचारण केलेले वाल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथे शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतू वाढविण्याच्या द्रवावर ते तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. गाय व डुक्कर यांचे मांस लोकांना वर्ज्य, म्हणून तो द्रव बोकडाच्या मांसापासून बनविला जाई. जंतुशास्त्राला येथे समाजाची जाण जोडावी लागली, ही बाब क्वचितच अधोरेखित होते.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना झालेला निष्काळजीपणा हे खरे कारण असल्याचे पुढे आले, रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठविला, तरीही दोषमुक्तीस १९०७ उजाडले. वैद्यकीय सेवेबाहेरचा माणूस असणे त्यांना भोवले असावे, असे मानण्यास जागा आहे.

मुंबईतच ग्लेन लिस्टन यांनी मेलेल्या उंदरांवरील पिसवांचा माग काढून प्लेगच्या प्रसाराचे कोडे सोडविण्यास मोठा हातभार लावला. १९०५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिसवेची जात ओळखणे हे काम मात्र कीटकशास्त्राचे होते.

१९२५ मध्ये प्रयोगशाळेस हाफकिन यांचे नाव मिळाले. १९७५ मध्ये लसनिर्मिती स्वतंत्र महामंडळाकडे गेली. उरलेल्या संस्थेच्या नावात प्रशिक्षण, संशोधन व चाचणी असा क्रम आला. प्रशिक्षण प्रथम आले, हे लक्षणीय आहे.

यवतमाळ येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकविणारी महाविद्यालयेही आहेत. परंतु पहिले नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी, तर दुसरी अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचे रुग्णालयीन प्रयोगशाळेतील काम पदवीत धरले जावयाचे, तर या दोन विद्यापीठांना प्रथम परस्परांचे श्रेयांक मान्य करावे लागतील.